‘निरंक’ म्हणजे रिकामे नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

संकेतस्थळावर एखादी माहिती हाताशी नसेल तेव्हा तिच्या जागी वाचकाला काय दाखवावे, हा प्रश्न आपल्या पत्रव्यवहाराच्या स्तंभात यापूर्वी कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. वरकरणी तो आम्हा संगणकवाल्यांचा घरगुती प्रश्न वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात त्याची झळ माझ्या वडिलांना बसली आणि कारण शोधता शोधता असे लक्षात आले, की ज्या चुकीपायी त्यांना दंड भरावा लागला तीच चूक मी स्वतः नोकरीत अनेकदा केलेली आहे. म्हणून हे पत्र.

वडील शाहत्तर वर्षांचे आहेत. दर दोन महिन्यांनी येणारे एका सेवेचे बिल ते संकेतस्थळावर पाहतात, आकडा वहीत उतरवून घेतात आणि मगच पैसे भरतात. उभी हयात हिशेब लिहिण्यात गेलेल्या माणसाची ती शिस्त आहे. जुलैत त्यांनी पान उघडले तेव्हा ‘एकूण देय रक्कम’ या शब्दांपुढे ठळक अक्षरांत ‘₹ ०’ असे दिसले. त्यांनी वहीत ‘जुलै : निरंक’ अशी नोंद केली आणि विषय संपवला. सप्टेंबरच्या बिलात मागील थकबाकी आली, आणि तिच्यावर विलंब आकारही. चौकशीसाठी ते खिडकीवर गेले, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने सौजन्याने सांगितले, ‘‘काका, त्या आठवड्यात सर्व्हर बंद होता.’’ वडिलांनी विचारले, ‘‘सर्व्हर बंद होता, तर शून्य कोणी लिहिलं?’’ खिडकीपलीकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते. माझ्याकडे होते, कारण अशी शून्ये लिहिण्याचेच काम मी चौदा वर्षे करतो आहे.

आजचे कोणतेही मोठे संकेतस्थळ पानापानाने लिहिले जात नाही. बिलाची चौकट, बातमीचे कार्ड, तारखेची पट्टी, फोटोखालची ओळ असे सुटे भाग एकदाच तयार करून ठेवतात आणि लागतील तिथे वापरतात. आम्ही त्यांना ‘कम्पोनंट’ म्हणतो. गणेशोत्सव मंडळाचे पावतीपुस्तक डोळ्यांसमोर आणले की कल्पना स्पष्ट होते. ‘श्री./सौ. ........ यांजकडून रुपये ........ साभार पोचले’ एवढे छापून आलेले असते आणि मोकळ्या जागा भरणे हे पावती फाडणाऱ्याचे काम असते. कम्पोनंटमधल्या अशा मोकळ्या जागेला ‘स्लॉट’ हे नाव आहे. फरक इतकाच, की छापखानेवाला मोकळ्या जागेत काही लिहीत नाही, तर कम्पोनंट लिहिणारा तिथे आधीच एक मजकूर घालून ठेवू शकतो. वापरणाऱ्याने जागा भरली तर तो मजकूर दिसत नाही, आणि नाही भरली तर तोच दिसतो. इंग्रजीत त्याला ‘फॉलबॅक’ म्हणतात. या पत्रापुरते मी त्याला राखीव मजकूर म्हणतो. ब्राउझरमध्येच ही सोय अंगभूत असावी हा विचार प्रत्यक्षात यायला बराच काळ लागला. स्लॉटची आजची पद्धत क्रोम आणि सफारीत २०१६ मध्ये आली, फायरफॉक्समध्ये २०१८ मध्ये आणि एजमध्ये २०२० च्या जानेवारीत.

आपल्या व्यवसायातलेच उदाहरण द्यायचे तर बातमीच्या कार्डावरील नावाची जागा घ्यावी. तिथे ‘प्रतिनिधी’ हा राखीव मजकूर ठेवणे अगदी स्वाभाविक वाटते, कारण बातमीला नाव नसेल तर छापील अंकातही आपण तेच लिहिता. पण कम्पोनंट एकदा तयार झाला की तो बातमीपुरता राहत नाही. रविवारच्या पुरवणीतल्या कवितेला तोच लागतो, वाचकांच्या पत्रांना तोच लागतो, आणि कोणी कवीचे नाव भरायला विसरले की एखादी प्रेमकविता ‘प्रतिनिधी’ने लिहिल्याचे पडद्यावर झळकते. एका मासिकाच्या संकेतस्थळासाठी मी हा उद्योग केलेला आहे. कवीने फोन करून फार सभ्य शब्दांत माझी हजेरी घेतली होती.

राखीव मजकुराचे यंत्रसुद्धा वाटते तितके भोळे नाही. जागा ‘भरली’ म्हणजे काय, याविषयी ब्राउझरचे मत फार काटेकोर असते. पानावर कम्पोनंट वापरताना त्याच्या सुरुवातीची आणि शेवटची खूण, म्हणजे टॅग, लिहितात. स्लॉटला नाव देता येते किंवा तो निनावी ठेवता येतो. निनावी स्लॉट असलेल्या कम्पोनंटच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेमध्ये काहीही नसेल तरच राखीव मजकूर दिसतो. त्या दोन खुणा दोन ओळींवर लिहिल्या, म्हणजे मध्ये फक्त एकदा एंटर दाबले, तरी ती न दिसणारी मोकळी ओळ ब्राउझरच्या लेखी मजकूरच ठरते. मग राखीव मजकूरही नाही आणि खरा मजकूरही नाही, अशी पांढरी फटक चौकट समोर येते. मी या एका एंटरपायी दोन दुपारी घालवल्या आहेत. नाव दिलेल्या स्लॉटला मोकळ्या ओळीने फरक पडत नाही, परंतु त्या नावाचा एखादा रिकामा टॅग पाठवला की तीच गत. कम्पोनंट लिहिण्यासाठी जी तयार साधने मिळतात, त्यांपैकी ‘व्ह्यू’चे लेखक व्यवहारी असावेत. तिथे नुसती कोरी जागा सहसा मोजली जात नाही. ‘रिअ‍ॅक्ट’ या तशाच दुसऱ्या साधनात ब्राउझरच्या स्लॉटसारखी अंगभूत सोय नाही. काय आले आणि काय नाही आले हे प्रोग्रामरने स्वतः तपासायचे, आणि वडिलांच्या शून्याचा जन्म अशाच एका तपासणीत झाला.

बिलाचे ते पान मी नंतर ब्राउझरच्या अवजारांनी उघडून पाहिले. त्यात एक गोष्ट अशी निघाली, की जिने मला खरोखर चटका लावला. रकमेच्या जागी राखीव मजकूर होता, आणि तो चांगला होता : ‘सध्या माहिती मिळू शकत नाही. कृपया थोड्या वेळाने पाहावे.’ कोणी तरी विचार करून, नीट मराठीत लिहिलेले ते वाक्य वडिलांना कधी दिसलेच नाही. सर्व्हरकडून रकमेच्या जागी ‘नल’, म्हणजे ‘काहीही नाही’ असा निरोप आला होता. जावास्क्रिप्ट या भाषेत ‘नल’चे संख्येत रूपांतर करायला सांगितले की उत्तर शून्य येते, आणि कोऱ्या अक्षरमालेचे रूपांतर केले तरीही शून्यच येते. रक्कम दोन दशांश स्थळांपर्यंत नीट दिसावी म्हणून कोणा सहृदय प्रोग्रामरने आधी तिची संख्या केली, आणि मग ती स्लॉटकडे सोपवली. स्लॉटच्या दृष्टीने जागा भरलेली होती. राखीव खेळाडू पॅड बांधून बसून राहिला आणि खेळपट्टीवर भलताच कोणी तरी उभा होता.

याच्या उलट चूकही तितकीच प्रचलित आहे. मूल्य नसेल तर राखीव मजकूर घ्यावा, हे सांगण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये दोन उभ्या रेघांचे चिन्ह वर्षानुवर्षे वापरले जाते. ते चिन्ह खऱ्या शून्यालाही ‘नाही’च समजते. ज्या गृहिणीने सगळे बिल वेळेवर भरले आहे आणि जिचे देणे खरोखर शून्य आहे, तिला हे चिन्ह ‘माहिती उपलब्ध नाही’ असे सांगते, आणि ती बिचारी पावती घेऊन खिडकीवर जाते. भाषेच्या २०२० च्या आवृत्तीत दोन प्रश्नचिन्हांचे नवे चिन्ह आले. ते फक्त मूल्य मुळातच नसेल तेव्हा राखीव मजकुराकडे वळते आणि शून्याला शून्य राहू देते. म्हणजे भेद करण्याचे साधन उपलब्ध होऊन काही वर्षे झाली, तरी जुन्या रेघा हजारो फायलींत तशाच उभ्या आहेत. मी लिहिलेल्या फायलींतही आहेत, हे मान्य केले पाहिजे.

तारखेच्या बाबतीत हाच प्रकार अधिक विनोदी रूप घेतो. एखाद्या अर्जाच्या स्थितीत ‘अर्ज दाखल : १ जानेवारी १९७०, सकाळी ५.३०’ असे आपण किंवा आपल्या वाचकांनी कधी पाहिले असेल, तर त्या भल्या पहाटे कोणी अर्ज केला नव्हता. संगणकातील काळाची मोजणी त्या दिवशीच्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून सुरू होते, तारीख आली नाही की तिचे शून्य होते, आणि भारतीय वेळ साडेपाच तासांनी पुढे असल्यामुळे आपल्याकडे ते शून्य सकाळी साडेपाचला उजाडते. ही तारीख पाहून निदान कोणाची फसगत होत नाही. ‘₹ ०’ मात्र बिलावर शोभून दिसते, आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे.

माझ्या वडिलांनी वहीत लिहिलेला ‘निरंक’ हा शब्द मला या सगळ्या प्रकरणात फार उपयोगी वाटतो. सरकारी कचेऱ्यांत काही घडले नसले तरी ‘निरंक’ अहवाल पाठवावाच लागतो, कारण अहवालच आला नाही आणि अहवालात काही नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कारकुनाला पक्के ठाऊक असते. आम्ही घडवलेल्या यंत्राला मात्र ते ठाऊक नसते. स्लॉटला फक्त एवढेच कळते, की जागा भरली की नाही. ती का भरली नाही, म्हणजे माहिती अजून वाटेत आहे, की अस्तित्वातच नाही, की मागितली असता मिळाली नाही, की ती पाहण्याचा या व्यक्तीला अधिकार नाही, हे त्याला सांगणारे कोणी नसते. आणि या चारही प्रसंगी तो एकच वाक्य दाखवतो. रिअ‍ॅक्टने निदान दोन प्रसंग वेगळे केले : बिघाडासाठीची सोय २०१७ मध्ये आली आणि वाट पाहण्यासाठीची २०१८ मध्ये, आणि दोन्हींना आपापला राखीव मजकूर देता येतो. बाकीचे दोन मात्र लिहिणाऱ्याच्या विवेकावर आहेत.

खरे म्हणजे हा विवेक वेबच्या जुन्या रचनेत होता. चित्र दिसले नाही तर त्याच्या जागी वाचायचा मजकूर म्हणून ‘आल्ट’ ही सोय नव्वदच्या दशकापासून आहे, आणि वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या १९९७ च्या ४.० आवृत्तीत ती प्रत्येक चित्रासाठी सक्तीची झाली. तिच्यात एक सुरेख बारकावा आहे. चित्र केवळ शोभेचे असेल तर ‘आल्ट’ लिहायचे, पण कोरे ठेवायचे. त्याचा अर्थ असा, की येथे सांगण्यासारखे काही नाही हे मी विचारपूर्वक सांगतो आहे. दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा ‘स्क्रीन रीडर’ हा प्रोग्राम अशा वेळी ते चित्र मुकाट्याने ओलांडतो. ‘आल्ट’ मुळातच लिहिले नाही तर मात्र तो बापडा अंदाज करत बसतो आणि पुष्कळदा फायलीचे लांबलचक नाव वाचून दाखवतो. कोरे ‘आल्ट’ हा निरंक अहवाल आहे, आणि न लिहिलेले ‘आल्ट’ म्हणजे अहवालच न पाठवणे.

यावर असे म्हटले जाईल, की मग जागा सरळ कोरी सोडावी. खोटे काही दिसण्यापेक्षा काहीच न दिसलेले बरे. काही सहकारी हे मत आग्रहाने मांडतात. छापील वृत्तपत्रात ते चालते, कारण तिथे कोरेपणाही वाचता येतो. आणीबाणी लागू झाल्यानंतर २८ जून १९७५ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी ठेवली, तेव्हा ती जागा कशामुळे कोरी आहे हे वाचकाला सांगावे लागले नाही. पडद्यावरच्या कोऱ्या चौकटीला असा कोणताही संदर्भ नसतो. आपला फोन बिघडला, आपल्याला वापरता येत नाही, आपले काही तरी चुकले, अशी शंका वाचकाला स्वतःविषयीच येते. वय झालेल्या वाचकांना तर हमखास येते. माझे वडील पांढरे पान पाहून फोन बंद करून पुन्हा चालू करतात, आणि मग मला फोन करतात.

राखीव मजकूर कोणत्या भाषेत असावा, हा प्रश्न आपल्या वाचकांना अधिक जवळचा आहे. तयार कम्पोनंटांचे संच बहुतांशी परदेशात इंग्रजीत लिहिले जातात आणि त्यांतले राखीव शब्दही इंग्रजी असतात. मराठी पान तयार करणारा मथळे, बटणे आणि सूचना यांचे भाषांतर करून घेतो, कारण त्या त्याला समोर दिसतात. राखीव मजकूर मात्र सगळे सुरळीत असताना दिसतच नाही, त्यामुळे तो भाषांतराच्या यादीत येत नाही. शेवटी असे घडते, की सर्व काही ठीक असते तोवर पान मराठी बोलते आणि जिथे वाचक अडतो, गोंधळतो, तिथेच ते इंग्रजीत शिरते. भाषांतराचा साठा वापरणाऱ्या यंत्रणांतही उतरंड ठरलेली असते : आधी भारतातील मराठी, ती नसेल तर मराठी, आणि तीही नसेल तर साधारणपणे इंग्रजी. इंग्रजीही सापडली नाही की पुष्कळ वेळा त्या वाक्याची आतली खूणच पडद्यावर येते आणि वाचकाला ‘बिल डॉट समरी डॉट ड्यू’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे पाहायला मिळतात. दृष्टिहीन वाचकांची अडचण याहून वेगळी आहे. पान मराठी असल्याचे जाहीर केलेले असते, म्हणून स्क्रीन रीडर मराठी आवाज वापरतो, आणि मध्येच आलेले इंग्रजी वाक्य तो मराठी उच्चारांनी ठेचकाळत वाचतो. परभाषेतील तेवढ्या तुकड्यावर त्याची भाषा नोंदवावी, असे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. राखीव मजकुराच्या बाबतीत ही नोंद केलेली मी क्वचितच पाहिली आहे.

भाषांतर केले तरी सगळे साधते असे नाही. ‘कोणताही डेटा आढळला नाही’ हे व्याकरणदृष्ट्या मराठी असले, तरी रेशनच्या यादीत आपले नाव शोधणाऱ्या बाईला त्यातून काहीही कळत नाही. नाव यादीत नाही, की यादीच उघडली नाही? पहिल्या प्रसंगी ‘या नावाची नोंद यादीत नाही’ आणि दुसऱ्या प्रसंगी ‘यादी आत्ता उघडता आली नाही, पुन्हा प्रयत्न करा’ एवढे लिहायला जागाही जास्त लागत नाही.

सगळ्यांत शेवटचा राखीव मजकूर कम्पोनंटच्या बाहेर असतो, आणि त्याचा विसर सर्वांनाच पडलेला आहे. पुण्याहून मुंबईला रेल्वेने जाताना लोणावळा सोडले की घाटातले बोगदे सुरू होतात, रेंज येते आणि जाते, आणि पान अर्धवट उतरते. पानाचा सांगाडा येतो, पण कम्पोनंटला जिवंत करणारी जावास्क्रिप्टची फाइल बोगद्यातच अडकते. अशा वेळी ब्राउझर एक जुना, उदार नियम पाळतो : खूण ओळखीची नसली तरी तिच्या पोटात जे लिहिले असेल ते साध्या मजकुरासारखे दाखवून टाकायचे. म्हणून बिलाच्या कम्पोनंटच्या पोटात ‘आपले बिल येथे पाहा’ एवढा साधा दुवा आणि चौकशीचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवला, तर कम्पोनंट जागा झाला नाही तरी वाचकाच्या हाती काही तरी लागते. पुढे कम्पोनंट जागा झाला आणि त्या मजकुरासाठी त्याने स्लॉट ठेवलेला नसला, की तो आपोआप दिसेनासा होतो. मी आता नवे पान तपासायचे असले की कर्जतपर्यंत ते हातातच धरून बसतो. कार्यालयातल्या वेगवान जोडणीवर जे कधीच दिसत नाही, ते घाटात अर्ध्या तासात दिसते.

वडिलांच्या प्रकरणानंतर आमच्या कामात मी काही बदल केले आहेत. रक्कम, तारीख आणि माणसाचे नाव या तीन जागांना आम्ही आता राखीव मूल्य देतच नाही, फक्त राखीव वाक्य देतो. आकड्याच्या जागी आकडा राखीव ठेवणे आम्ही बंद केले आहे. जागा भरायची राहिली तर काम चालू असतानाच पान लाल चौकटीत तक्रार करते, म्हणजे ती चूक वाचकापर्यंत जाण्याआधी आमच्या नजरेस येते. सर्व राखीव वाक्ये एका तक्त्यात काढून मराठीच्या मुद्रितशोधकाला वाचायला दिली. त्यांनी पहिल्याच पानावर विचारले, की ‘अवैध तारीख’ म्हणजे तारखेने कोणता कायदा मोडला? ते वाक्य आता ‘तारीख नीट मिळाली नाही’ असे झाले आहे.

मराठी संकेतस्थळे करून घेणाऱ्या संस्थांनी, मग त्या सरकारी असोत, सहकारी असोत वा खासगी, कामाच्या अटींतच या तक्त्याची मागणी करावी, अशी माझी सूचना आहे. काम स्वीकारताना ठेकेदार भरलेली पाने दाखवतो. त्याला तीच पाने माहिती काढून घेऊन, सर्व्हर बंद ठेवून आणि फाइल अडवून दाखवायला सांगावे. त्याला फार तर एक दुपार लागेल.

आपल्या संकेतस्थळाविषयीही एक सांगणे आहे. गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांचे पान उघडले, तेव्हा ओळीने पाच पत्रांवर लेखक म्हणून ‘प्रतिनिधी’ असे आले होते. हे पत्र प्रसिद्ध केल्यास त्याच्याखाली तसे येऊ नये, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक,
कोथरूड, पुणे